आधीं धरावें, मग घडवावें

कोणत्याहि कारागिराच्या दुकानांत पाऊल टाकलें म्हणजे आपली दृष्टि आधीं त्याच्या हत्यारांकडे जाते. रंधा केवढा, करवतीचे दांते कसे, पटाशीची धार किती, हें आपण कौतुकानें पाहतों. मग त्याच्या हाताची सफाई पाहतों. परंतु ज्या वस्तूवर हीं हत्यारें चालावयाचीं ती वस्तु हालूं नये म्हणून त्यानें काय योजना केली आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचेंहि साठ वर्षें गेलें नव्हतें. तें जावें म्हणून आमच्या घरांतील एका मुलाच्या हातास तीन टांके पडावे लागले. त्या टांक्यांचें देणें कांहीं अंशीं फेडावें, आणि ज्या घरांतून मुलें आपल्या हातानें कांहीं करूं पाहतात तेथें तसा प्रसंग न यावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमचें घर अमरावतीस बुधवाऱ्यांत, जुन्या वळणाचें. लहानमोठीं मिळून चौदा माणसें एका चुलीवर जेवतात. आमचे वडील बंधु हे घरांतले कर्ते. आम्ही त्यांचे धाकटे भाऊ, तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून आतां निवृत्त झालेले. बंधूंचा नातू अकोल्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो आणि शनिवारीं रात्रीं घरीं येतो. दोन वर्षांमागें त्यानें असें मनावर घेतलें कीं, गिटार विकत घ्यावयाची नाहीं. ती स्वतःच्या हातानें करावयाची. बंधूंस हें रुचलें नाहीं. "घरांत तंबोरा आहे, पेटी आहे, हें सातासमुद्रांपलीकडचें खूळ कशाला?" असें ते म्हणाले.

आम्हीं नातवाची बाजू घेतली. पेटी तरी कोठें आपल्या गोदेच्या कांठची आहे? ती युरोपांतून आली. परंतु गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्यांच्या बोटांखालीं ती अशी रुळली कीं, आज तिला परकी म्हणावयास जीभ रेटत नाहीं. व्हायोलिनची तीच कथा. वाद्याचें गोत्र त्याच्या जन्मगांवावरून ठरत नाहीं, वाजविणाराच्या हातावरून ठरतें, असें आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें. बंधु म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या जबाबदारीवर." हे शेवटचे दोन शब्द त्या वेळीं आम्हीं नीट ऐकले नाहींत.

गिटारीची घडण थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं. आज आपण जी नायलॉनच्या तारांची गिटार पाहतों तिचें रूप मुख्यतः स्पेन देशांतील आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिरानें ठरवून दिलें. तारांची मोकळी लांबी सुमारें ६५० मिलिमीटर. पेटी सुमारें १९ इंच लांब, खालच्या फुगीर भागीं साडेचौदा इंच रुंद आणि चार इंचांच्या आंतबाहेर खोल. तिची दर्शनी फळी, जिला आपल्या सतारीच्या भाषेंत तबली म्हणतां येईल, ती अवघी अडीच मिलिमीटर जाड असते. सभोंवतालच्या कडा तर दोनच मिलिमीटर. नादाचा सर्व भार या तबलीवर आहे हें दाखविण्यासाठीं तोर्रेसनें १८६२ सालीं एका गिटारीच्या कडा व पाठ चक्क कागदाच्या लगद्याची केली होती.

आतां यांतील मौज अशी कीं, सहा तारा चढवून सुरांत लाविल्या म्हणजे त्यांचा एकूण ताण सुमारें ४० किलोग्रॅम भरतो, आणि ही पापडासारखी पेटी तो वर्षानुवर्षें सोसते. कारण तो ताण लाकडाच्या रेषांच्या दिशेनें जातो. परंतु तीच पेटी बाजूनें, रेषांस आडवी, दाबली तर एका गुडघ्याच्या जोरानें तडकते. आमच्या अकोल्याच्या प्रेसिंगच्या कारखान्यांत कापसाची गांठ चोहोंकडून हवी तेवढी आवळतां येते. जितकी आवळावी तितकी ती पक्की होते. गिटारीचें तसें नाहीं. ती घट्ट धरली तर फुटते, सैल धरली तर हालते. वाढयाच्या बाकावरील लोखंडी शिकंजा तिच्या कामाचा नव्हे.

हें आज आम्ही लिहितों. त्या दिवशीं आम्हांस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. नातवानें नऊ महिने रविवार-रविवार खपून पेटी तयार केली होती. कडा व पाठ शिसवीची, तबली परदेशी स्प्रूसची, आणि मान तुनाच्या लाकडाची. शिसवी लाकूड जगभरचे गिटार-कारागीर आवर्जून मागवितात आणि तें आपल्याच देशाचें आहे, हें त्याला कळल्यापासून त्याचा उत्साह दुणावला होता. आषाढांतला एक रविवार. मानेची पाठ गोलसर करावयाची राहिली होती. त्यानें विचारलें, "लहान आजोबा, जरा धरतां कां?" आम्ही ओसरीवर मांडी घालून बसलों, पेटी दोन गुडघ्यांत धरिली, मानेचा शेंडा दोन्ही हातांनीं पकडला आणि म्हणालों, "चालीव तूं खुशाल. हालूं देत नाहीं."

त्यानें उजव्या हातानें पटाशी चालविली. डावा हात मानेवरच होता, पटाशीच्या पुढें. लाकडांत कोठेंसा रेषांचा पीळ आला. पटाशी अडली, त्यानें जोर दिला, आणि मान आमच्या हातांत फिरली. पटाशी सुटली ती त्याच्या डाव्या तळव्यांत, तर्जनीच्या मुळाशीं. ती सांवरण्यासाठीं आम्हीं गुडघे आवळले, आणि त्याच क्षणीं पेटीच्या कडेंतून कट् असा आवाज झाला. वीतभर चीर गेली होती.

तीन टांके पडले. डॉक्टरांनीं पट्टी बांधतां बांधतां सांगितलें कीं, आणखी थोडें खोल जातें तर बोट वांकविणारी शीर तुटली असती. तारा दाबण्याचें काम डाव्या हाताच्या बोटांचें असतें, हें त्यांना माहीत असण्याचें कारण नव्हतें, आम्हांस होतें. नातू वाटेंत एक अक्षर बोलला नाहीं. त्यानें आम्हांस दोष दिला असता तर बरें झालें असतें. घरीं आल्यावर बंधूंनीं हत्यारांची पेटी बंद केली, कुलूप लाविलें आणि किल्ली जानव्याला बांधिली. आमच्याकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं.

पंधरा दिवस तसेच गेले. एके सकाळीं आम्ही माजघरांत बसलों असतां वहिनी विळीवर भोपळा चिरीत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "भावजी, पन्नास वर्षें झालीं मला ह्या घरांत चिरतां चिरतां. बोट कापलें असेल तें चार-दोनदां. असें कां, सांगा बरें?"

आम्ही म्हणालों, "तुमचा हात सराईत आहे, वहिनी."

"हात नव्हे, पाय," त्या म्हणाल्या. "विळीचा पाट माझ्या पायाखालीं आहे. पातें जागचें हालत नाहीं, म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे. तुमच्या पोराचा एक हात धरण्यांत आणि एक हात कापण्यांत. मग दुसरें काय होणार?"

आम्ही ऐकतच राहिलों. ज्या घरांत आम्ही जन्मलों त्या घरांत धरण्याची विद्या चोहोंकडे पसरलेली होती, आणि आम्हीं ती कधीं पाहिली नव्हती. पोळपाट सरकूं नये म्हणून त्याच्याखालीं ओलें फडकें घालतात. मुसळाचे घाव बसूनहि उखळ डगमगत नाहीं, कारण तें जमिनींत पुरलेलें असतें. आमच्या आजीच्या वेळचा घुसळखांब अजून मागल्या पडवींत उभा आहे. रवी त्याला दोरीच्या कड्यांत अडकविलेली असे, म्हणून ती फिरे, परंतु भटके मात्र नाहीं. या खांबाला कोणी यंत्र म्हणत नाहीं. परंतु तो काढून घ्या आणि मग ताक घुसळून पाहा.

आम्ही संस्कृताचे शिक्षक. मुलांना कारकें शिकवितांना आम्ही नेहमीं एक वाक्य फळ्यावर लिहीत असूं : वर्धकिः पीठे वास्या काष्ठं तक्षति. सुतार बाकावर वाकसानें लांकूड तासतो. यांतील वर्धकि म्हणजेच आमच्या वऱ्हाडांतला वाढई. शब्दहि तोच, झिजून आलेला. तो कर्ता. काष्ठ हें कर्म. वासी म्हणजे वाकस, तें करण. आणि पीठे हें अधिकरण, म्हणजे ज्याच्या आधारावर क्रिया घडते तें. मुलें कर्ता, कर्म, करण धडाधड सांगत, अधिकरण विसरत. शाळेच्या पाठांतरांत तें सहांतलें शेवटचें कारक. आम्ही त्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें खुणा करीत असूं. त्या आषाढांत मात्र तें कारक आम्हीच विसरलों होतों, आणि खूण उमटली ती मुलाच्या तळव्यावर.

बंधूंकडे जाऊन आम्हीं चूक कबूल केली आणि काम पुढें चालूं देण्याची विनंति केली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधीं धरण्याची सोय करून दाखव. माणसानें धरावयाचें नाहीं. मग किल्ली मिळेल." अट वाजवी होती.

परंतु अशी सोय करावी कशी? नातवानें भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशी कारागिरांच्या तऱ्हा दाखविल्या; त्यांतल्या बहुतेक मोठमोठ्या बाकांवरच्या व पोलादी पेचांच्या. आमच्या मनांत आलें कीं, पातळ, पोकळ आणि गोल पेटीचीं वाद्यें आपल्याकडेहि पिढ्यान्‌पिढ्या होत आलीं आहेत. तीं जमिनीवर बसून करणारे लोक तीं धरतात तरी कशीं? तेव्हां मिरजेस जावयाचें ठरलें. गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या बडनेऱ्यावरून व अकोल्यावरून जाते आणि गाडी न बदलतां मिरजेस नेऊन सोडते. आम्ही बडनेऱ्यास चढलों, नातू अकोल्यास. त्याच्या कांखेंत चिरलेली गिटार चादरींत गुंडाळलेली होती.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब या शिकलगारांनीं सतार व तंबोरे करण्यास प्रारंभ केला असें सांगतात. पुढें त्यांच्या घराण्यास सतारमेकर हेंच नांव पडलें आणि वस्तीलाहि तें चिकटलें. शिकलगार म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस सरले, तेव्हां त्या हातांनीं वाद्य धरिलें. उस्ताद अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांच्यासारखे गवई याच गांवीं राहिले, त्यामुळें करणारा व वाजविणारा यांची गांठ रोज पडे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. आम्हांस स्वतःस मात्र शिकलगार या एका शब्दानेंच पुष्कळ सांगितलें. पातें दगडाला ठराविक कोनांत न हालतां धरणें, हीच धार लावण्याची निम्मी विद्या. ज्यांच्या घरांत ती पूर्वीपासून मुरलेली, त्यांच्या हातीं भोपळा आल्यावर तो कसा धरावा हें त्यांना निराळें शिकावें लागलें नसेल.

तेथें आम्हीं दोन दिवस नुसतें पाहिलें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे कापून पाण्यांत भिजवितात आणि आंतून काड्यांचे टेकू देऊन त्यांचें तोंड हव्या त्या आकारांत आणितात. म्हणजे हें धरणें आंतून झालें. तबली चिकटवावयाची ती लोखंडी पेचानें नव्हे, दोरीचे वेढ्यावर वेढे देऊन; दोरीचा दाब एका ठिकाणीं न पडतां चोहोंकडे वांटला जातो. दांडी तासावयाची तर कारागीर जमिनीवर बसतो आणि पायांनीं ती अशी धरतो कीं, दोन्ही हात हत्यारावर राहतात. वहिनींची विळीच ती!

एका वृद्ध कारागिरानें आमच्या गिटारीची मान हातांत घेतली, नखानें टोचून पाहिली आणि हें तर आमचें तून, असें म्हणून ती परत दिली. त्याचें म्हणणें खरें होतें. मिरजेचे तंबोरे तुनाचे होतात. आणि स्पेनचे कारागीर गिटारीच्या मानेला जें सेद्रो नांवाचें लांकूड वापरतात तें तुनाच्याच कुळांतलें. आमच्या अंगणांतला कडुनिंबहि त्याच कुळांतला. बंधूंच्या 'सातासमुद्रांपलीकडे' या शब्दाची त्या वेळीं आठवण झाली. चीर पाहून तो कारागीर एवढेंच म्हणाला कीं, पायानें धरण्यास पाय लहानपणापासून तयार व्हावा लागतो. तुमच्या मुलाला लाकडाचे पाय करून द्या.

हीच आमची किल्ली ठरली. परत येतांना गाडींत नातवानें आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्पेनचे कारागीर गिटार घडवितांना तबली उपडी करून गिटारीच्याच आकाराच्या एका फळीवर ठेवितात आणि तिच्यावरच सारें वाद्य उभें करितात. तिला ते सोलेरा म्हणतात. तबलीला मध्यें किंचित् फुगवटा हवा असतो, म्हणून ही फळी मध्यें तेवढीच खोलगट कोरलेली असते. दुसरें, युरोपांतील खेड्यांतले सुतार लाकडाच्या एका घोडीवर बसून काम करीत; कारागिराचें वजन घोडीवर आणि पाय एका दांड्यावर, त्या दांड्यानें लांकूड दाबलें जाई. म्हणजे विळीचें तत्त्व तिकडेहि निघालें होतें. या साऱ्यांतून आम्हीं जें साधन केलें त्याची कृति आतां देतों. घरच्या कोणाहि हौशी मुलास तें दोन रविवारांत करतां येईल.

तळफळीसाठीं १९ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड, ३६ इंच लांब व १८ इंच रुंद, अकोल्याच्या लाकडाच्या दुकानांतून आणिलें. गिटारीचा आकार कागदावर काढून तो फळीच्या एका बाजूस उतरविला, म्हणजे मान उरलेल्या लांबीवर येते आणि शेंडा थोडा बाहेर राहतो. या आकाराच्या रेषेलगत, आंतल्या अंगास, एक इंच रुंदीची जाड लोकरी नमद्याची पट्टी चिकटविली. मधला भाग रिकामा ठेविला. याचें कारण असें कीं, पेटीची पाठ व तबली मध्यें फुगीर असतात. सपाट फळीवर ठेविल्या तर सारा भार त्या फुगवट्यावर, म्हणजे सर्वांत नाजूक जागीं पडतो. कडेलगत आंतून लाकडाची पट्टी लाविलेली असते; पेटीचा खरा बळकट भाग तोच. भार त्याच्यावरच पडला पाहिजे.

मग सात खुंट. हे आम्हीं घरांतल्या मोडक्या सागवानी पलंगाच्या पायांतून कापले. प्रत्येकाची उंची तीन इंच. पेटी चार इंच खोल असल्यामुळें वरचा सुमारें इंचभर भाग कामाला मोकळा राहतो आणि हत्यार खुंटास लागत नाहीं. एक खुंट पेटीच्या बुडाशीं, तीन डाव्या अंगास, तीन उजव्या : खालच्या फुगवट्याशीं, कमरेशीं आणि खांद्याशीं. बुडाचा व डावीकडचे तीन रेषेला धरून पक्के बसविले व त्यांच्या आंतल्या अंगास बुचाचा पत्रा चिकटविला. उजवीकडचे तीन मात्र रेषेपासून दीड-दोन इंच दूर ठेविले. त्या फटींत दोन वस्तु बसतात : पेटीच्या वळणाप्रमाणें कोरलेला, बुचाचें अस्तर लाविलेला एक गाल, आणि त्याच्यामागें पाचर.

ही पाचरच या साधनाचा प्राण आहे. ती सहा इंच लांब. एका टोंकास एक इंच जाड, दुसऱ्या टोंकास पाव इंच. म्हणजे आठास एक असा उतार झाला. याहून उतार तीव्र केला तर पाचर आपोआप मागें सरकते. फार मंद केला तर ती कळत-नकळत भलताच दाब देते. पाचर अंगठ्यानेंच सारावी. हातोडीला या कामांत मज्जाव आहे. आधीं खालच्या फुगवट्याची, मग खांद्याची, आणि सर्वांत शेवटीं कमरेची, तीहि हलक्या हातानें. दाब पुरेसा झाला कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीति अशी : खुंट व पेटी यांमध्यें आधींच एक कागदाची पट्टी घालून ठेवावी. ओढली असतां ती किंचित् अडून, न फाटतां बाहेर आली, तर दाब योग्य. सहज आली तर सैल. फाटली तर घट्ट.

मानेसाठीं टेकू दोन करावे लागतात. पेटी उपडी ठेविली म्हणजे मान फळीलगत येते, तेव्हां ठेंगणा टेकू; उताणी ठेविली म्हणजे मान वर राहते, तेव्हां सुमारें तीन इंच उंचीचा. दोहोंच्या माथ्यावर अर्धगोल खांचा करून त्यांत जुन्या चपलेचें मऊ चामडें लाविलें. मान खांचेंत बसवून वरून चामड्याची वादी नुसती अडकवावी, आवळूं नये.

शेवटची गोष्ट म्हणजे बैठक. एक फूट रुंद व अडीच फूट लांब असा जाड सागवानी पाट घेऊन त्याच्या पुढल्या टोंकावर ही तळफळी आडवी ठेविली आणि मधोमध अर्ध्या इंचाचा एक बोल्ट खालून वर घातला. वर चामड्याची चकती आणि पंखाचा नट. कारागीर पाटावर बसला कीं त्याच्या वजनानें सारें साधन जागीं बसतें, अगदीं विळीप्रमाणें. आणि नट सैल केला कीं फळी फिरवून वाद्याची हवी ती बाजू आपल्यापुढें आणतां येते. वाद्यामागें माणसानें फिरावयाचें नाहीं, वाद्यानें माणसापुढें यावयाचें. सरसाचे ओघळ पडून वाद्य साधनालाच चिकटूं नये म्हणून जेथें जेथें थेंब पडण्याचा संभव आहे तेथें मेणबत्ती घांसून ठेवावी.

हें साधन आम्हीं बंधूंपुढें ठेविलें. त्यांनीं त्यावर एक जुनी फुटकी पेटी बसवून घेतली, दोन्ही हातांनीं हालवून पाहिली, मग कागदाची पट्टी स्वतः ओढून पाहिली. जानव्याची किल्ली सोडून त्यांनीं नातवाच्या हातांत दिली. त्याबरोबर एक नियमहि घालून दिला, आणि तो त्यानें साधनावरच कोरून ठेविला आहे : दोन्ही हात पात्याच्या मागें.

चीर सांधावयाचें काम मात्र आम्हीं लगेच केलें नाहीं. त्याचें कारण आमच्या वऱ्हाडच्या हवेंत आहे. लांकूड ओल पितें तेव्हां रेषांस आडवें फुगतें, आणि वाळतें तेव्हां आडवेंच आक्रसतें. लांबींत तें जवळजवळ बदलत नाहीं. श्रावणांतल्या दमट हवेंत फुगलेल्या फळ्या एकमेकींस जखडून टाकिल्या, तर वैशाखांत, अकोल्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरांत गेला म्हणजे, त्यांना आक्रसावयास जागा उरत नाहीं आणि त्या तडकतात. म्हणून दिवाळी होऊं दिली. हवा कोरडी झाल्यावर नातवानें पेटी साधनावर बसविली, चिरेंत पातळ सरस मुरविला, पाचर केसभर पुढें सारून चीर मिटविली आणि नादरंध्रांतून हात घालून आंतल्या अंगास, चिरेला आडव्या, शिसवीच्या चार चिमुकल्या पट्ट्या चिकटविल्या. मान त्यानें पुन्हां तासली ती तीन रविवारांत. आम्ही जवळ बसलेले होतों. आमचे हात मांडीवर होते.

माघांत तारा चढल्या. ४० किलोग्रॅमांचा ताण आला तेव्हां आम्ही श्वास रोखून त्या सांधलेल्या चिरेकडे पाहत होतों. ती जागची हालली नाहीं, आणि पुढला वैशाखहि तिनें सोसला. बारकाईनें पाहिलें तर कडेवर एक काळसर रेघ दिसते. नातवाच्या तळव्यावर तिची जोडीदारीण आहे, पांढुरकी. थंडींत ती थोडी आखडते असें तो म्हणतो. परंतु बोटें मोकळीं चालतात. पहिल्या दिवशीं त्यानें जें वाजविलें तें आम्हांस फारसें कळलें नाहीं. बंधु डोळे मिटून ऐकत होते. तें संपल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "मानेचें लांकूड कोणतें म्हणालास? तून ना? मग आपलेंच कीं."

आपल्या घरांतील मुलांस आपण पैसा देतों, पुस्तकें देतों, हत्यारेंहि देतों. आणि काम बिघडलें म्हणजे त्यांच्या हातास दोष देतों. त्यांचें काम ज्यावर टेकावयाचें तो आधार आपण दिला आहे कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं. तो आधार फार घट्टहि नको आणि फार सैलहि नको. कागदाची पट्टी न फाटतां निघावी इतकाच दाब असावा. आम्हांस हें साठीनंतर कळलें, आणि तेंहि वहिनींच्या विळीपाशीं.

साधन आतां ओसरीच्या कोपऱ्यांत असतें. गेल्या आठवड्यांत सकाळीं उठून पाहतों, तों बंधु त्याच्या पाटावर बसलेले. देवघरांतल्या चौरंगाचा निखळलेला पाय त्यांनीं त्यावर बसविला होता आणि अंगठ्यानें पाचर सारीत होते. आम्ही धरावयास पुढें झालों, तेव्हां ते मान वर न करतां म्हणाले, "तूं राहूं दे. धरलेलें आहे."